चुंबकी कुलूप, रबरी दोरी आणि भारकोन

सिंक्रोनस मोटरचा, म्हणजे परिभाषेतल्या समकालिक चलित्राचा, धडा कोणत्याही पुस्तकात उघडा. एक वाक्य थोड्याफार फरकाने भेटतेच. रोटरचे ध्रुव स्टेटरच्या फिरत्या चुंबकीय क्षेत्राशी ‘लॉक’ होतात, म्हणून भार बदलला तरी मोटरचा वेग बदलत नाही. हे वाक्य चुकीचे नाही आणि परीक्षेत त्याला पूर्ण गुणही मिळतात. तरीही ते वाचून विद्यार्थ्याला काय कळते, हा प्रश्न शिक्षकाने स्वतःला विचारायला हवा. माझे मत असे आहे, की ‘लॉक’ या एका शब्दाने या यंत्रातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट झाकली जाते. ती गोष्ट म्हणजे भारकोन. पुस्तकात तो येतो खरा, पण दहा-बारा पाने उलटल्यावर, सदिश आकृतीच्या एका कोपऱ्यात डेल्टा हे अक्षर घेऊन. तोपर्यंत विद्यार्थ्याने कुलपाचे चित्र मनात पक्के केलेले असते.

हे चित्र कुठे अडते ते पाहू. विद्यार्थी या धड्याकडे येतो तो दोन मोटरी शिकून. डी. सी. मोटरवर भार वाढला, की वेग थोडा उतरतो. वेग उतरला की आर्मेचरमध्ये निर्माण होणारे उलट विद्युतचालक बल (कारखान्याच्या भाषेत बॅक ई. एम. एफ.) कमी होते, आणि पुरवठ्यातून जास्त प्रवाह आत येतो. इंडक्शन मोटरमध्ये भार वाढला की स्लिप वाढते, रोटरमधला प्रवाह वाढतो, आणि त्यामागे स्टेटरचाही. दोन्ही ठिकाणी मोटरला भाराची बातमी कळते ती वेगातल्या घटीमुळे. आता तिसरी मोटर येते आणि पुस्तक सांगते, की हिचा वेग घटतच नाही. ५० हर्ट्‌झवर चार ध्रुवांची मोटर रिकामी असताना मिनिटाला १५०० फेरे घेते आणि पूर्ण भारावरही १५००च. रोटरच्या चुंबकाला मिळणारे डी. सी. उत्तेजनही आपण बदललेले नाही, म्हणजे उलट विद्युतचालक बलाचे मूल्यही तेवढेच. मग जास्तीचा प्रवाह आत येतो कशामुळे? भार वाढल्याची बातमी पुरवठ्याला कोण देते?

वर्गातला एखादा तरी विद्यार्थी हा प्रश्न विचारतो. ‘कुलूप लागलेले असते ना’ एवढेच उत्तर मिळाले, तर तो खाली बसतो आणि पुन्हा विचारत नाही.

खरे उत्तर अवघड नाही. दोन माणसे एकाच वेगाने रस्त्याने चालली आहेत. वेग सारखा आहे एवढ्यावरून ती शेजारी-शेजारी आहेत असे ठरत नाही. एक जण दोन पावले मागेही असू शकतो, आणि अखेरपर्यंत दोनच पावले मागे राहू शकतो. सिंक्रोनस मोटरचा रोटर भाराखाली असाच मागे राहतो. किती मागे, ते सांगणारा कोन म्हणजे भारकोन. भार वाढला की तो वाढतो. वेग तोच, उलट विद्युतचालक बलाचे मूल्य तेच, पण त्या बलाची कला मात्र मागे सरकते, आणि पुरवठ्याला एवढी बातमी पुरते.

आकडे घालून पाहू या. समजा, एका फेजला पुरवठा २३० व्होल्टचा आहे, उलट विद्युतचालक बलही नेमके २३० व्होल्ट आहे, आणि वाइंडिंगची सिंक्रोनस रिअ‍ॅक्टन्स ८ ओहम आहे. रोध सोडून देऊ. दोन्ही बले एकाच कलेत असली तर वजाबाकी शून्य, प्रवाह शून्य. आता रोटर २० अंश मागे पडला. दोन समान सदिशांत २० अंशांचा कोन असेल, तर त्यांतला फरक २३०च्या दुपटीला १० अंशांच्या साइनने गुणून येतो, म्हणजे जवळजवळ ८० व्होल्ट. त्याला ८ने भागले की प्रवाह १० अँपिअर. मोटर त्या फेजमधून सुमारे २२६० वॉट घेऊ लागली, आणि वेग तसूभरही उतरलेला नाही. ही दोन ओळींची वजाबाकी बारावीच्या विद्यार्थ्याला सहज जमते. ती करून घेतल्याशिवाय पुढचे सूत्र फळ्यावर लिहिले, तर ते निव्वळ पाठांतराचे होते.

आता ‘वेग कधीच बदलत नाही’ या विधानाकडे पाहू. रोटर आधी मागे नव्हता, आता २० अंश मागे आहे. मग मधल्या काळात तो क्षणभर तरी हळू चालला असलाच पाहिजे. चौकस विद्यार्थी इथे शिक्षकाला बरोबर पकडतो. पुस्तकातले विधान सरासरी वेगाचे आहे. भार पडल्यावर पहिल्या काही क्षणांत वेग किंचित उतरतो, कोन वाढतो, रोटर नव्या जागेच्याही थोडा मागे जातो, परत पुढे येतो, आणि अशा काही हेलकाव्यांनंतर स्थिरावतो. या हेलकाव्यांना ‘हंटिंग’ म्हणतात. पुस्तकांत त्याचे प्रकरण वेगळे असते, जणू तो मोटरला होणारा एखादा आजार आहे. प्रत्यक्षात भारकोन बदलण्याची प्रत्येक घटना थोड्याफार हेलकाव्यांतूनच जाते. डँपर वाइंडिंगमुळे ते लवकर शमतात, एवढेच.

कुलपाचे चित्र अपुरे आहे हे जाणणारे शिक्षक बहुधा रबरी दोरीकडे वळतात. फिरते क्षेत्र पुढे चालले आहे, त्याला रबरी दोरीने रोटर बांधला आहे. भार वाढला की दोरी ताणते आणि रोटर मागे राहतो. ही उपमा कुलपापेक्षा पुष्कळच चांगली आहे. मागे राहणे, ताणणे, हेलकावे हे सगळे तीत येते. पण एका महत्त्वाच्या जागी ती सरळ चुकीचे शिकवते. रबर जितके ताणावे तितके अधिक जोराने ओढते, आणि शेवटी तुटते. सिंक्रोनस मोटरमध्ये काहीही तुटत नाही. तिथे ओढच कमी कमी होत जाते.

का, ते रोटरच्या एका उत्तर ध्रुवावर नजर ठेवून पाहावे. भार नसताना तो स्टेटरच्या दक्षिण ध्रुवासमोर असतो. भाराने मागे पडला की पुढचा दक्षिण ध्रुव त्याला पुढे ओढतो आणि मागून येणारा उत्तर ध्रुव त्याला पुढे ढकलतो. तो या दोहोंच्या बरोबर मध्ये आला, की ओढणे आणि ढकलणे दोन्ही पूर्णपणे फिरण्याच्या दिशेने लागतात. ही ९० अंशांची स्थिती. आणखी मागे पडला, तर मागच्या उत्तर ध्रुवाच्या तो समोर येऊ लागतो. आता ढकलणे बरेचसे रोटरच्या मध्याकडे, फिरवण्याला निरुपयोगी अशा दिशेने जाते. १८० अंशांवर दोन उत्तर ध्रुव समोरासमोर येतात आणि फिरवणारा जोर शून्य होतो. म्हणून टॉर्क कोनाच्या प्रमाणात वाढत नाही, कोनाच्या साइनप्रमाणे वाढतो आणि उतरतो. (हे गोल, सारख्या पृष्ठाच्या रोटरचे झाले. उठावदार ध्रुवांच्या रोटरमध्ये लोखंडाच्या आकारामुळे आणखी थोडा टॉर्क मिळतो आणि कमाल मर्यादा ९० अंशांच्या अलीकडेच येते.)

तेव्हा उपमा अशी हवी, की जिच्यात साइन आपोआप येईल. ती सायकलच्या चाकात आहे. पुढचे चाक काढून घ्या, टायर-ट्यूब उतरवा, आणि आसाचे एक टोक टेबलाच्या कडेला व्हाइसमध्ये असे पकडा, की चाक उभ्या पातळीत कडेबाहेर मोकळे फिरेल. रिमला आतून ५०० ग्रॅम वाळूची लहान, घट्ट पिशवी बांधा. ती अर्थातच सर्वांत खाली येऊन थांबेल. आता रिमच्या खोबणीत दोरी एक-दोन वेढे गुंडाळा, एक टोक रिमला पक्के करा, आणि दुसरे टोक एका बाजूने खाली सोडून त्याला हलके पारडे लटकवा. मागे कोनमापकाचा पुठ्ठा लावला आणि पिशवीजवळची आरी रंगवली, की उपकरण तयार झाले.

इथे गुरुत्वाची खाली जाणारी दिशा म्हणजे स्टेटरचे क्षेत्र. पिशवी म्हणजे रोटरचा ध्रुव. पारड्यातले वजन म्हणजे मोटरवरचा भार. आपण जणू फिरत्या क्षेत्रावर बसूनच पाहत आहोत, म्हणून क्षेत्र स्थिर दिसते. पारड्यात वजन घातले की पिशवी उभ्या रेषेपासून बाजूला सरकते आणि एका कोनात थांबते. पारड्याचा जोर कोनावर अवलंबून नाही, कारण दोरी नेहमी रिमच्या कडेनेच सुटते. पिशवीचा परत ओढणारा जोर मात्र कोनाच्या साइनप्रमाणे बदलतो. म्हणून कोनाची साइन म्हणजे पारड्याचे वजन भागिले पिशवीचे वजन. मोटरच्या सूत्राचाही साचा हाच आहे.

आता वजने हळूहळू वाढवा. २५० ग्रॅमला कोन ३० अंश. आणखी ३० अंशांसाठी आणखी २५० लागत नाहीत, १८३ ग्रॅमच पुरतात. ४३३ला कोन ६० अंश होतो. शेवटच्या ३० अंशांना फक्त ६७ ग्रॅम. म्हणजे निम्मी ताकद पहिल्या तीस अंशांतच वापरून झाली, आणि शेवटच्या तीस अंशांत ताकद जेमतेम तेरा-चौदा टक्के वाढली. ५००च्या जरा वर गेलात, की पिशवी आडव्या रेषेपलीकडे जाते, वर उचलली जाते आणि पलीकडे कोसळते. मोटरच्या भाषेत हे ‘पुल-आउट’, सिंक्रोनिझममधून निसटणे. दोरी शाबूत आहे, पिशवी शाबूत आहे, तुटलेले काहीच नाही. मोटरमध्ये मात्र हा प्रसंग साधा नसतो. रोटरला आळीपाळीने पुढे आणि मागे हिसके बसतात. आपल्या उदाहरणातल्या मोटरमध्ये कोन १८० अंशांवरून जाताना दोन बलांची बेरीज होऊन ४६० व्होल्ट लागतात आणि प्रवाह १० अँपिअरऐवजी ५७ अँपिअरवर जातो. संरक्षक रिले तत्काळ मोटर तोडतो, आणि तोडायलाच हवी.

पिशवीत वाळू वाढवून तोच भार पुन्हा लावा. कोन कमी होतो. रोटरचे उत्तेजन वाढवल्यावर भारकोन का घटतो, हे इतक्या सहज दुसऱ्या कोणत्या आकृतीतून दाखवता येईल असे मला वाटत नाही.

मला या चाकाचा सर्वांत जास्त उपयोग वाटतो तो पुढच्या प्रयोगात. पिशवी परत ५०० ग्रॅमची करा. पारड्यात ४०० ग्रॅम ठेवा, पण पारडे हाताने असे धरून ठेवा, की दोरी ताठ आहे आणि पिशवी अगदी खाली आहे. मग एकदम सोडा. हळूहळू घातलेले ४०० ग्रॅम या चाकाने ५३ अंशांवर आरामात पेलले होते. तेच वजन एकदम सोडल्यावर पिशवी ५३ अंशांवर थांबत नाही. वेगात पुढे जाते, आडवी रेषा ओलांडते आणि उलटते. घर्षण मुळीच नसेल तर हिशेब सांगतो, की एकदम सोडलेला भार कमाल मर्यादेच्या सुमारे ७२ टक्क्यांपर्यंतच झेपतो. त्या वर चाक उलटते. (हबमध्ये ग्रीस घट्ट झालेले असेल तर आकडा थोडा वर सरकेल.) रबरी दोरीच्या उपमेतून ही गोष्ट कधीच बाहेर आली नसती. उलटण्याआधी क्षणभर रिमला बोट टेकवले तर चाक वाचते. डँपर वाइंडिंगचे काम थोडे असेच, पण फरक लक्षात आणून द्यावा: बोटाचे घर्षण चाक थांबलेले असतानाही धरून ठेवते, डँपरमध्ये मात्र रोटर आणि क्षेत्र यांच्या वेगांत फरक असेपर्यंतच प्रवाह वाहतो.

हळू आणि एकदम यांतला हा फरक मोटरीपुरता राहत नाही. वीज केंद्रातले जनित्र म्हणजे उलट चालवलेले हेच यंत्र. तिथे टर्बाइन रोटरला पुढे ढकलते, म्हणून रोटर क्षेत्राच्या पुढे असतो, इतकाच फरक. ग्रिडवरची सारी जनित्रे एकाच वारंवारतेने चालतात. एका प्रदेशाकडून दुसऱ्या प्रदेशाकडे किती वीज वाहते, हे त्यांच्यातल्या कोनावर ठरते. मधल्या वाहिन्या सुटल्या की जोडणारी रिअ‍ॅक्टन्स वाढते, म्हणजे आपल्या चाकातली वाळू अचानक कमी होते. भार मात्र तोच. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतात हेच घडले. दोन्ही दिवशी घटनाक्रम सुरू झाला तो बिना-ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी सुटण्यापासून. पश्चिमेकडून उत्तरेकडे जाणारी वीज लांबच्या वाटेने, पूर्वेकडून वळून जाऊ लागली, दोन भागांतला कोन वाढत गेला आणि ग्रिड फुटली. पहिल्या दिवशी उत्तर ग्रिड बंद पडली. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तिन्ही. पश्चिम ग्रिड, आणि तिच्यासोबत महाराष्ट्र, सावरला. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती कोणत्या राज्याने जास्त वीज ओढली याची. तीही आवश्यक होती. पण कोन हा शब्द त्या चर्चेत क्वचितच दिसला. याचे एक कारण मला असे वाटते, की आपण सर्वांनी शाळा-कॉलेजात कुलूप शिकलो, कोन शिकलो नाही.

चाकाची उपमाही सर्वांगपूर्ण नाही, हे वर्गात सांगितले पाहिजे. नाहीतर आपण एका शब्दाच्या जागी दुसरे खेळणे बसवले असे होईल. तिच्यात पॉवर फॅक्टर नाही. उत्तेजन वाढवल्यावर मोटर पुढच्या कलेचा प्रवाह घेऊ लागते आणि कपॅसिटरसारखी वागते, ही तिची प्रसिद्ध करामत चाकात दिसत नाही. तिच्यासाठी सदिश आकृतीच हवी. शिवाय विजेवरच्या स्कूटर-मोटारींत हल्ली कायम चुंबकाच्या सिंक्रोनस मोटरी असतात. त्या थेट ५० हर्ट्‌झच्या पुरवठ्याला जोडलेल्या नसतात. रोटर कुठे आहे हे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक सतत पाहतो आणि त्या मानाने क्षेत्र फिरवतो, म्हणजे कोन आपला आपण ठरू न देता तो हवा तेवढा राखतो. तिथे चढ लागला की वेग उतरतो, पण मोटर निसटत नाही. ‘सिंक्रोनस मोटरचा वेग कायम असतो’ हे विधान त्यामुळे पुरवठ्याची वारंवारता कायम असेल तरच खरे.

अंशांचा घोटाळाही पुस्तकांनी निष्कारण वाढवला आहे. भारकोन विद्युत अंशांत सांगतात, आणि आकृती काढतात ती दोन ध्रुवांची, जिच्यात विद्युत अंश आणि यांत्रिक अंश एकच असतात. चार ध्रुवांच्या मोटरमध्ये ३० विद्युत अंश म्हणजे आसावर १५ अंश. १५०० फेऱ्यांच्या वेगाला एका फेऱ्याला ४० मिलिसेकंद लागतात, तेव्हा १५ अंश म्हणजे सुमारे १.७ मिलिसेकंदांचा उशीर. दर फेरीला तेवढाच, वाढत न जाणारा. साठ ध्रुवांच्या, मिनिटाला १०० फेरे घेणाऱ्या संथ यंत्रात तेच ३० विद्युत अंश आसावर फक्त १ अंश होतात.

हे डोळ्यांनी पाहता येते, आणि महागडा स्ट्रोबोस्कोपही लागत नाही. आय. टी. आय. किंवा तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत चार ध्रुवांची सिंक्रोनस मोटर असेल तर तिच्या आसाच्या तोंडावर खडूची एक रेघ ओढा. खोली अंधारी करून जुन्या पद्धतीची, लोखंडी चोकची ट्यूबलाइट लावा. इलेक्ट्रॉनिक चोकची किंवा एलईडीची नळी सहसा चालत नाही. लोखंडी चोकची नळी सेकंदाला १०० वेळा उजळते. तेवढ्यात रोटर पाव फेरा जातो, म्हणून एका रेघेच्या चार रेघा, अधिकाच्या चिन्हासारख्या, स्थिर उभ्या दिसतात. शेजारी रिकामी फिरणारी इंडक्शन मोटर ठेवली तर तिचे चिन्ह हळूहळू मागे सरकत राहते. ती १४९० फेरे घेत असेल तर सहा सेकंदांत एक पूर्ण वळसा. आता सिंक्रोनस मोटरवर भार चढवा. तिचे चिन्ह फिरण्याच्या उलट दिशेला काही अंश सरकते, किंचित डुलते आणि तिथेच उभे राहते. पुठ्ठ्यावर खुणा करून ठेवल्या तर भारकोनाचा आलेख विद्यार्थी स्वतः काढू शकतात. मोजलेला कोन दुप्पट करायला मात्र विसरू नये. आणि प्रयोग सुरू करण्यापूर्वी आसाभोवती जाळी बसवलेली असावी, कारण त्या उजेडात फिरणारा आस थांबल्यासारखा दिसतो, आणि मुले त्याला हात लावायला जातात.